सांगितलं तेवढंच

"हे मी न्हाई सांगितलं," वर्षाली म्हणाली.

तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि त्यात तक्रारही नव्हती. भाजीवाल्यानं गडबडीत दुसऱ्याची पिशवी हातात दिली तर माणूस जसं 'ही माझी नाही' म्हणतो, तसं ती म्हणाली, आणि म्हणूनच बहुधा स्वरूपाच्या हातातला कागद एकदम जड झाला. जानेवारीतला शनिवार होता. सकाळची शाळा सुटून गेली होती, मैदानात कुणीतरी झाडांना लावलेला पाण्याचा पाइप तसाच सोडून गेलं होतं, आणि प्रयोगशाळेमागच्या खोलीत, जिथं पूर्वी मोडकी बाकं रचून ठेवत, तिघीजणी बसल्या होत्या. खोली कुसुमताईंनी मागून घेतली होती. त्या या शाळेच्या नव्हत्या; चिखली, तळवडे, मोशी अशा चार शाळांत आठवड्याचा एकेक दिवस स्कूटरवरून यायच्या, आणि ज्या मुलांना वाचायला, लिहायला, आकडे मांडायला वेगळी वाट लागते त्यांना घेऊन बसायच्या. मुलं त्यांना बाई म्हणत नसत, ताई म्हणत. वर्षाली त्यांच्याकडे दोन वर्षं येत होती. वय सतरा, नववीत दोनदा बसून आता दहावीत. कानावर पडलेलं सगळं तिला समजे, छापलेलं मात्र लागत नसे. हॉस्पिटलातून तसा दाखला मिळाल्यामुळं बोर्डाच्या परीक्षेत तिला लेखनिक मिळणार होता. लेखनिकानं प्रश्न वाचून दाखवायचा, तिनं उत्तर सांगायचं, लेखनिकानं ते लिहायचं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणून नववीतली स्वरूपा. तिचा वर्गात पहिला नंबर, अक्षर रेखीव, आणि नाही म्हणायची सवय नाही.

सरावाच्या पेपरातला प्रश्न साधाच होता. लोखंड गंजते म्हणजे काय होते? वर्षालीनं खिडकीकडं बघत सांगितलं होतं, "लोखंडाला हवा लागली, पाणी लागलं, की ते परत माती व्हायला बघतं. वरनं सुरू व्हतं. रंग दिला की थांबतं, कारण मग त्येला हवा भेटत न्हाई." आणि स्वरूपाच्या पेनातून कागदावर उतरलं होतं, 'लोखंडाची हवेतील ऑक्सिजन व बाष्प यांच्याशी रासायनिक अभिक्रिया होऊन त्यावर तांबूस रंगाचा थर तयार होतो.' कुसुमताई एवढंच म्हणाल्या होत्या, लिहिलेलं एकदा मोठ्यानं वाच. तिनं वाचलं होतं, आपल्याच वाक्याच्या सफाईवर मनातून खूश होत.

"तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं," स्वरूपा म्हणाली. "तेच मी नीट लिहिलं."

"किती मार्कांचं आहे?" कुसुमताईंनी विचारलं.

"तीन."

"मिळतील?"

"मिळतील की."

"कुणाला?"

बाहेर पाण्याची धार नुसतीच मातीत पडत होती. कुसुमताई रागावल्या नव्हत्या; रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो कागद घेतला, दुमडला आणि आपल्या पर्समध्ये ठेवला. "हरकत नाही," त्या म्हणाल्या, "पहिल्यांदा सगळे असंच करतात. हुशार मुलं तर हमखास." हा 'हुशार' शब्द स्वरूपानं आजवर हजारदा ऐकला असेल, पण त्याला काट्यासारखं टोक असतं हे तिला त्या दिवशी प्रथम जाणवलं.

घरी जाताना दोघींचा रस्ता एकच होता, कारण घर एकाच आवारात होतं. भिमाजी, म्हणजे वर्षालीचे आजोबा, यांच्या शेतात एके काळी ज्वारी असायची म्हणत. आता तिथं पत्र्याच्या खोल्यांच्या चार रांगा होत्या, आणि तिसऱ्या रांगेत कडेच्या खोलीत स्वरूपा राहत होती. वडील परभणीकडून आलेले, चाकणच्या कंपनीत, आठवड्याआड शिफ्ट बदलणारे. आई वर्षालीच्या आजोबांना 'मालक' म्हणायची. लेखनिक व्हायचं का, असं कुसुमताई विचारायला आल्यावर आईनं स्वरूपाकडं पाहिलंसुद्धा नव्हतं. "मालकाची नात हाय, नाही कसं म्हणावं?" असं म्हणून मोकळी झाली होती. स्वरूपालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं. उलट थोडा अभिमानच होता. ज्यांच्या जागेत आपण राहतो त्यांच्या मुलीला आपल्यामुळं पास होता येणार. हे 'आपल्यामुळं' आज रस्ताभर तिच्या पायात येत होतं. कुदळवाडीच्या बाजूनं भंगारानं भरलेला टेम्पो गेला. वाकलेल्या सळया, दाराच्या चौकटी, फुटलेल्या गिअरची चाकं, सगळं एकाच विटकरी रंगाचं. वर्षाली थांबून बघत राहिली. तिच्या त्या बघण्यात काय असतं? स्वरूपानं त्या रस्त्यावरून असे शेकडो टेम्पो जाताना पाहिले होते आणि गंजण्याची व्याख्या तिला दुसरीकडून, पुस्तकातून, पाठ होती. या दोन गोष्टींची आपसात कधी गाठच पडलेली नव्हती.

त्या रविवारी तिनं वर्षालीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलं आणि पुढचे धडे सहज चाळले. एका पानावर लिहिलं होतं की लोखंड जमिनीतून निघतं ते शुद्ध नसतं. निसर्गात ते ऑक्सिजनशी जोडलेलं, तांबूस दगडमातीच्या रूपात असतं, आणि भट्टीत घालून त्याला त्यापासून वेगळं काढावं लागतं. ती ओळ तिनं तीनदा वाचली. म्हणजे गंजताना लोखंड खरोखरच आपल्या पहिल्या रूपाकडं परत निघालेलं असतं. 'परत माती व्हायला बघतं.' परत. तो एक शब्द तिनं खोडून टाकला होता, आणि त्यातच सगळं होतं. तिच्या अंगावर बारीक काटा आला, पण तो भीतीचा नव्हता. बंद दारामागून कुणीतरी बोलतंय आणि आपल्याला इतके दिवस ती भिंतच वाटत होती, तसलं काहीतरी ते होतं. त्या दारामागं अजून काय काय असेल?

तेव्हापासून तिला वर्षालीच्या डोक्याचा नादच लागला. फेब्रुवारीत दोघी रोज संध्याकाळी मालकांच्या ओट्यावर बसायच्या. स्वरूपा धडा वाचून दाखवायची, वर्षाली ऐकायची, मग प्रश्न, मग उत्तर. लिहिताना स्वरूपानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती: पेन कानाला बांधलेलं आहे, डोक्याला नाही. ते सोपं नव्हतं. वर्षाली वाक्याच्या मध्यावरून सुरुवात करायची, मागं जायची, 'थांब, ते आधी घाल' म्हणायची. स्वरूपाच्या बोटांना ते वाक्य सरळ करण्याची खाज सुटायची आणि ती दाबून धरताना मनगट दुखायचं. लहानपणी गावाला आजीच्या दळणाच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याचा डबा धरून ठेवायची ती, तेव्हाही हात असाच अवघडायचा. आपलं नसलेलं सांभाळणं हे आपलं सांभाळण्यापेक्षा जड असतं हे तिला तेव्हापासून ठाऊक असायला हवं होतं. पण माहीत असणं आणि मनगटाला कळणं यात अंतर असतं.

"तुला अक्षरं दिसतात कशी?" एकदा तिनं विचारलं. हा प्रश्न विचारायला तिला तीन आठवडे लागले होते.

"दिसत्यात चांगली. डोळ्याला काय धाड भरलीय?" वर्षाली हसली. मग विचार करून म्हणाली, "लग्नात पावणे येत्यात बघ. एक समोर येऊन उभा ऱ्हातो. तोंड वळखीचं असतं. पर नाव काय न्हाई येत. आपण हसतो, आठवाया बघतो, तवर त्याच्या मागनं दुसरा येऊन उभा. मग तिसरा. तसं हाय. एकेकाचं नाव आठवंस्तवर मांडव भरतो."

स्वरूपा काही वेळ पुस्तकाच्या उघड्या पानाकडं बघत बसली. मांडव भरलेला होता.

"आन् तुला?" वर्षालीनं उलट विचारलं. "तू उत्तर आठवतीस तवा ते कुठं असतं?"

"म्हणजे?"

"माझं बाईंच्या आवाजात असतं. त्या दिवशी बाईंचा घसा बसला व्हता, वरचा पंखा कुईकुई करत व्हता, तसं सगळं येतं बरोबर. तुझं कुठं असतं?"

"पानावर," स्वरूपा म्हणाली. "डाव्या बाजूला, खालून चौथी ओळ."

"आन् त्या ओळीच्या मागं?"

स्वरूपानं डोळे मिटून पाहिलं. ओळ दिसली, ठळक, स्वच्छ. तिच्या मागं पांढरा कागद होता. त्याच्या मागं काही नव्हतं. परीक्षेत आपण ओळ उचलतो आणि ठेवतो, उचलतो आणि ठेवतो, आणि लोक त्याला हुशारी म्हणतात. त्या संध्याकाळी जेवताना आईनं दोनदा विचारलं, "काय बघायलीस गं भिंतीकडं?" काय बघत होती ते तिला सांगता आलं नसतं. भिंतीमागं काही आहे का हेच ती बघत होती.

भिमाजी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बाजेवर बसलेले असायचे. त्यांचा या दाखल्याला दोन वर्षं विरोध होता हे सगळ्या आवाराला माहीत होतं. पोरीच्या नावावर सरकारी शिक्का बसंल, उद्या सोयरीक आली की कागद पुढं येईल, असं ते म्हणत. आणि वर्षालीची आई गोजाबाई पदर तोंडाला लावून आत निघून जाई. कुसुमताई तीनदा येऊन गेल्या होत्या. तिसऱ्या वेळी काय घडलं ते स्वरूपाला भिमाजींच्याच तोंडून कळलं. एका संध्याकाळी वर्षाली आत गेल्यावर त्यांनी तिला जवळ बोलावलं.

"पोरी, तू ती सांगती तसंच लिवतीस ना?"

"हो आजोबा."

"तसंच?"

जानेवारीतला तो दुमडलेला कागद तिला आठवला. "आता तसंच," ती म्हणाली. खोटं बोलणं तिला जमलं नाही.

"आमी चार बुकं शिकलो न्हाई," ते म्हणाले. "खालच्या अंगाची जमीन गेली तवा कागद आला व्हता. मी आंगठा दिला. कागदात काय हाय ते मला एकानं वाचून दावलं. भला माणूस व्हता. पर त्यानं समदं वाचलं, का मला समजंल तेवढं वाचलं, का मला बरं वाटंल तेवढं, ते मला आजपातूर ठाऊक न्हाई. तो मेला. कागद हाय. खोटंच वाचलं असंल आसं न्हाई म्हणत मी. पर ठाऊक न्हाई." त्यांनी खाकरून घसा मोकळा केला. "ती ताई मला म्हणली, आजोबा, वर्षालीला आयुष्यभर कुणीतरी वाचून दावणार, कुणीतरी लिहून देणार. तवा त्या माणसाला कसं जोखायचं ते तिला आत्ताच शिकू द्या. मग म्या सही केली. म्हंजे आंगठा दिला."

परीक्षेचं केंद्र चिंचवडला होतं. वर्षालीच्या चुलत्यांच्या गाडीतून दोघी जायच्या, पुढं गोजाबाई, मांडीवर दहीभाताचा डबा. लेखनिकवाल्या मुलांसाठी वेगळी खोली, तासाला वीस मिनिटं जादा वेळ. मराठी सुटलं. हिंदी, इंग्रजी अवघड गेलं, पण वर्षाली खचली नाही. बीजगणितात तर ती शेवटी गुणगुणत होती. स्वरूपाला वाटू लागलं होतं की आपण आता अगदी पारदर्शक झालो आहोत, काचेच्या नळीसारखे. या टोकाला वर्षाली बोलते आणि त्या टोकाला कागदावर तीच उमटते, मधे कुणी नाही. त्याचा तिला आनंद होता, आणि आनंद होतोय म्हणजे मधे कुणीतरी आहेच, हेही तिच्या लक्षात येत होतं.

भूमितीचा पेपर होता. शेवटून दुसरा प्रश्न, तीन गुणांचा. तिनं वाचून दाखवला. सहा मीटर उंचीच्या खांबाची सावली चार मीटर पडते. त्याच वेळी एका मनोऱ्याची सावली अठ्ठावीस मीटर पडते. तर मनोऱ्याची उंची किती? वर्षालीनं डोळे मिटले. अपूर्णांक हा तिचा जुना वैरी होता. वर काय आणि खाली काय, हे तिच्या मनात कधी ठरायचंच नाही. "लिव. खांबाची उंची छेद खांबाची सावली. सहा छेद चार. बरोबर. मनोऱ्याची..." ती थांबली. "सावली वर. अठ्ठावीस छेद उंची."

उलटं झालं होतं. एका बाजूला उंची वर, दुसऱ्या बाजूला सावली वर. खांब आपल्या सावलीपेक्षा मोठा आहे, मग मनोराही मोठाच असणार, बेचाळीस मीटर. आणि या वाटेनं गेलं तर तो सावलीहून बुटका निघणार. स्वरूपाला हे एका क्षणात दिसलं, आणि त्या क्षणी तिला आपल्या डोळ्यांचा, आपल्या भराभर वाचणाऱ्या, भराभर दिसणाऱ्या डोळ्यांचा राग आला. तिनं लिहिलं. अठ्ठावीस. छेद. उंची. पुढचा गुणाकार वर्षालीनं बोटं मोडत केला आणि उत्तर सांगितलं, अठरा पॉइंट सहासष्ट.

खोलीत पर्यवेक्षक म्हणून एक पन्नाशीचे सर होते. इतका वेळ खुर्चीत पेंगुळलेले. ते उठून येरझारा घालत मागं आले, कागदावर नजर टाकली आणि गणिताचेच शिक्षक असावेत, कारण जिभेनं हळूच 'च्च' केलं. दाराकडं एकदा बघून ते खाली वाकले. "बाळा, तुला येतंय ना हे?" ते स्वरूपाला म्हणाले. "मग टाक की बरोबर करून. कोण बघतंय? बिचारी सुटून जाईल. पुण्य लागेल तुला." आणि ते खरंच दुसरीकडं तोंड करून उभे राहिले, खिडकीतून बाहेर बघत, हात पाठीमागं बांधून. त्यांच्या शर्टाच्या पाठीवर घामाचा नकाशा उमटला होता. ते वाईट नव्हते. ते दयाळू होते, आणि स्वरूपाला त्यांची दया अगदी ओळखीची वाटली. दोन महिन्यांपूर्वी तीच तिच्या बोटांत होती.

वर्षालीनं ऐकलं असणारच. तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "परत वाच," ती म्हणाली.

लिहिलेलं वाचून दाखवायला परवानगी होती. पण वाचायचं कसं? आवाज 'अठ्ठावीस'वर जरा जरी चढला, 'छेद'पाशी जरा जरी रेंगाळला, तरी ते सांगणंच झालं. वर्षालीचे कान कसे आहेत ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं समोरच्या भिंतीवरच्या खिळ्याकडं नजर लावली, श्वास एकसारखा केला आणि रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं, सगळे शब्द एका उंचीवर ठेवून वाचलं. सहा छेद चार बरोबर अठ्ठावीस छेद उंची. 'कळू दे तिला' असं एक मन म्हणत होतं आणि दुसरं मन त्या पहिल्याच्या तोंडावर हात दाबून धरत होतं.

वर्षालीनं तेच ओठांतल्या ओठांत पुटपुटून पाहिलं. "ऱ्हाऊ दे," शेवटी म्हणाली. "पुढचा वाच."

निकाल मे महिन्यात लागला. वर्षाली सगळ्या विषयांत सुटली, गणित सोडून. दाखल्यामुळं मिळणारे सवलतीचे गुण इंग्रजी आणि हिंदीला पुरवता पुरवता संपले, आणि गणिताला दोन कमी पडले. दोन. स्वरूपानं तो आकडा मोबाइलवर पाहिला आणि तिला वाटलं की खोलीचा पत्रा खाली आला. तीन गुणांचा प्रश्न होता. तिनं ही गोष्ट आईलाही सांगितली नव्हती, आता सांगितली. आई हातातलं पीठ तसंच ठेवून बसली. "अगं, तू काय करून बसलीस," ती म्हणाली. "सरच लिही म्हणत होते नं? मग? मालकाला काय सांगायचं आता? आपल्या पोरीनं त्यांच्या पोरीला बुडवलं म्हणतील." वडील पहिल्या शिफ्टहून आले, त्यांनी सगळं ऐकलं, पायातले बूट काढता काढता थांबले. "आमच्याकडं मोजमाप घेणारा पोरगा असतो," ते म्हणाले. "पार्ट बाद असला तर बाद लिहायचं, एवढंच त्याचं काम. लोकं त्यालाच शिव्या देतात." एवढं बोलून ते आंघोळीला गेले. ते तिच्या बाजूनं बोलले की विरुद्ध, हे तिला नीट कळलं नाही, पण चप्पल घालण्याएवढं बळ आलं.

ओट्यावर गोजाबाई होती. स्वरूपाला बघून ती उठली, आणि स्वरूपा पायरीवरच थांबली. पण तिनं स्वरूपाच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. "पाच इषय सुटले गं माझ्या पोरीचे," ती म्हणाली. "शाळंतनं नाव काढा म्हणत व्हते आमाला. पाच सुटले." तिला मनोऱ्याचं काही माहीत नव्हतं. म्हणजे वर्षालीनं सांगितलं नव्हतं. किंवा वर्षालीलाही माहीत नव्हतं. ते सांगायलाच तर आपण आलो आहोत, असं मनाशी म्हणत स्वरूपा मागं गोठ्याकडं गेली. आवारातलं सगळं विकून, भाड्यानं देऊन झाल्यावरही भिमाजींनी दोन म्हशी ठेवल्या होत्या. वर्षाली त्यांना पाणी दाखवत होती.

"तो सावलीचा प्रश्न," स्वरूपा म्हणाली. सगळी वाक्यं रचून आणली होती, ती सगळी पडली. "तो चुकला होता. मला दिसत होतं. मी सांगितलं नाही."

"ठाऊक हाय."

"कधी कळलं?"

"तवाच." म्हशीनं बादलीत तोंड घातलं. "तुझा पेन थांबला ना."

स्वरूपाला समजेना. आवाज सांभाळला होता, चेहरा सांभाळला होता, श्वाससुद्धा.

"मी बोलते तवा तुझ्या पेनाची खरखर माझ्या मागं मागं येती," वर्षाली म्हणाली. "गाईमागं वासरू यावं तशी. येवढ्या दिवसांत कधी मागं ऱ्हायली न्हाई. तिथं ऱ्हायली. 'अठ्ठावीस'च्या आधी. मला वाटलं, हितं काहीतर गडबड हाय."

"मग बदललं का नाहीस? मी परत वाचलं तेव्हा तरी?"

"काय बदलू? कुठं चुकलंय ते कुठं कळलं व्हतं? लई डोकं चालवलं. न्हाई आलं." तिनं बादली पुढं सरकवली. "उलटं करून बघावं असं आलं व्हतं मनात. अंदाजानं. बरोबर बी आलं असतं, आत्ता कळतंय. पर मला ते आलं न्हवतं गं. तुझ्या पेनाकडनं काढून घेतलं असतं नुसतं." आणि मग, जणू हे सगळं किरकोळ होतं, "परत बसायचंय जुलैत. तू येशील ना?"

स्वरूपाला रडू आलं, आणि ते कशाचं होतं ते तिला वर्षभरानंतरही सांगता आलं नाही. सुटकेचं असावं; पण त्यात थोडी लाजही होती, आणि सगळ्यांत जास्त होतं ते आश्चर्य. इतके दिवस ती समजत होती की आपण वर्षालीच्या डोक्यात डोकावून बघतो आहोत. तिकडून कुणी आपल्याला इतकं बारीक ऐकत असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

ती येऊ शकणार नव्हती. ती आता दहावीत गेली होती. लेखनिक खालच्या वर्गातलाच लागतो. कुसुमताईंनी मैत्री नावाची मुलगी शोधली, आठवीतून नववीत आलेली, चुणचुणीत, जीभ सारखी दाताखाली धरणारी. शाळा उघडल्यावर पहिल्याच शनिवारी चौघी त्या मागच्या खोलीत बसल्या. "हिला तू शिकव," कुसुमताई स्वरूपाला म्हणाल्या. स्वरूपानं बरंच काही ठरवून आणलं होतं. वाक्य सरळ करायचं नाही, आवाज चढवायचा नाही, खिळ्याकडं बघायचं. पण वर्षालीच मधे बोलली. "लई काय सांगू नको तिला. एवढंच सांग, चुकू दे, बरोबर असू दे, पेन थांबवायचा न्हाई. तो थांबला की मला माझं सुचत न्हाई."

जुलैच्या परीक्षेत वर्षाली गणितात सुटली, चव्वेचाळीस गुण पडले, आणि मोशीच्या आयटीआयला वेल्डिंगला गेली; भिमाजींनी आवारात पेढे वाटले, कडेच्या खोलीत तर स्वतः येऊन. पण ते पुढचं. त्या शनिवारी अजून काही घडलेलं नव्हतं. मैत्रीनं प्रश्न वाचला, वर्षालीनं खिडकीकडं तोंड केलं आणि सांगायला लागली. स्वरूपाच्या हातात पेन नव्हतं, पुस्तक नव्हतं; हातांचं काय करावं तिला कळेना. तिनं ते मांडीवर ठेवले आणि डोळे मिटले. आधी नुसते शब्द ऐकू आले. मग रस्त्यावरचा ट्रक, कुसुमताईंच्या बांगड्या, मैत्रीचा तोंडानं घेतलेला श्वास. आणि मग त्या सगळ्याच्या खालून, कागदावरून धावणारी एक बारीक खरखर. इतकी वर्षं ती लिहीत आली होती, आणि हा आवाज तिनं कधी ऐकलेलाच नव्हता. ती खरखर शब्दांच्या मागोमाग पळत होती, धापा टाकत, कधी एका अक्षरानं मागं, कधी अगदी चिकटून; एका ठिकाणी ती अडखळली, एवढीशी, पापणी लवावी इतकी, आणि पुन्हा धावू लागली.

वर्षाली बोलायची थांबली. "आयकलंस?" तिनं विचारलं.

मैत्रीला वाटलं आपल्याला विचारलं. स्वरूपानं डोळे न उघडताच मान डोलावली.